बाळाचा डोस आणि आईची तपासणी

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत व्यवस्थापनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभेत व्यवस्थापनाने जमाखर्च मांडावा, इमारतीचा व यंत्रसामग्रीचा तपशील द्यावा आणि सर्वांचे आभार मानून खाली बसावे, असा प्रघात आहे. जमाखर्चाची पत्रके अहवालास जोडलेली आहेत. ती आपण अवश्य पाहावीत. यंदा मात्र विश्वस्तांच्या अनुमतीने आम्ही थोडा वेगळा विषय आपल्यापुढे ठेवीत आहोत. गरोदरपणात ज्या स्त्रीला मधुमेह झाला, तिला पुढील आयुष्यात कायमचा मधुमेह जडू नये म्हणून काय करता येते, हा तो विषय.

विषय वैद्यकीय आहे आणि आम्ही डॉक्टर नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन आम्ही खतावण्या आणि नोंदवह्या यांच्यातच आयुष्य काढले. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, त्याला कारण आहे. या आजाराचा विचार करू लागल्यावर आमच्या ध्यानात आले की, यात औषधाचा भाग थोडा आहे. नोंदीचा आणि पाठपुराव्याचा भाग फार मोठा आहे. तपासणी कोणती करावी हे ठरलेले आहे. ती स्वस्त आहे. निदानानंतर काय करावे, हेही बऱ्याच अंशी ठाऊक आहे. साखळी तुटते ती एकाच ठिकाणी. बाळंतीण घरी गेली की तिची नोंद संपते. ही तुटलेली कडी जोडण्याचे काम डॉक्टरांइतकेच व्यवस्थापनाचे, देणगीदारांचे आणि कुटुंबाचे आहे.

प्रथम हा आजार म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. गर्भ वाढत असताना त्याला आईच्या रक्तातून सतत साखर मिळावी, अशी निसर्गाची योजना असते. त्यासाठी वारेतून काही संप्रेरके स्रवतात आणि त्यांच्या प्रभावाने आईच्या शरीरात इन्शुलिनचा परिणाम मंदावतो. निरोगी स्त्रीचे स्वादुपिंड अधिक इन्शुलिन निर्माण करून ही तूट भरून काढते. ज्या स्त्रीच्या स्वादुपिंडाजवळ तेवढी राखीव ताकद नसते, तिच्या रक्तातील साखर वाढते. यालाच गरोदरपणातील मधुमेह म्हणतात. प्रसूतीबरोबर वार पडते, तिची संप्रेरके ओसरतात आणि बहुतेक स्त्रियांची साखर काही दिवसांत पूर्ववत होते. घरच्या मंडळींना हायसे वाटते. परंतु स्वादुपिंडाची राखीव ताकद कमी आहे ही गोष्ट बाळंतपणाने बदलत नाही. गरोदरपण ही एक प्रकारची परीक्षा होती. तिने शरीरातील उणीव वेळेआधी दाखवून दिली. ज्या स्त्रीला एरवी चाळिशी-पन्नाशीत धोक्याची जाणीव झाली असती, तिला ती पंचविशीतच झाली. तिचा उपयोग करून घेतला तर या आजारातूनही काही भले साधेल.

हे ज्ञान आजचे नव्हे. १९६४ साली अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. जॉन ओ'सुलिव्हन आणि क्लेअर महान यांनी गरोदर स्त्रियांच्या साखरेच्या तपासणीचे निकष प्रथम ठरविले. ते निकष कशाच्या आधारे ठरविले, हे पाहण्याजोगे आहे. साखरेच्या कोणत्या पातळीपुढे त्या स्त्रीला पुढे स्वतःला मधुमेह होण्याचा संभव वाढतो, हे पाहून ते आकडे निश्चित केले गेले. म्हणजे या तपासणीच्या आरंभी आईचे भवितव्य हाच विचार होता. बाळाच्या सुखरूपतेचा विचार पुढे अधिक झाला आणि तो योग्यच होता. पण त्या ओघात आईविषयीचा मूळ विचार मागे पडला, असे म्हणावे लागते.

धोका किती मोठा आहे, याचे उत्तर आता पुष्कळसे स्पष्ट आहे. तेरा लाखांहून अधिक स्त्रियांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास २०२० साली ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रियांना पुढे मधुमेह होण्याचा संभव इतर स्त्रियांच्या तुलनेत जवळजवळ दहापट असतो, असे त्यात आढळले. आपल्या महाराष्ट्रातील दाखलाही आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात गरोदरपणातील मधुमेहासाठी उपचार घेतलेल्या काही स्त्रियांची प्रसूतीनंतर सुमारे साडेचार वर्षांनी फेरतपासणी करण्यात आली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे निम्म्या स्त्रियांना मधुमेह झालेला आढळला. अभ्यासातील स्त्रियांची संख्या लहान होती, हे खरे. तरी चार-पाच वर्षांत निम्म्या, हे प्रमाण कोणाही विचारी माणसाला अस्वस्थ करणारे आहे.

‘आमची सून तर अंगाने किरकोळ आहे, तिला कसला मधुमेह?’ हा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो. त्याचेही उत्तर पुण्यातच शोधले गेले आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळील सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्पटन येथील बालकांचे ३.५ किलो भरले. आपली बालके वजनाने, स्नायूंनी आणि पोटातील अवयवांनी लहान होती. पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला कृश आणि आतून मेदयुक्त, अशी ही घडण. म्हणूनच आपल्याकडे तराजूवरचा आकडा पाहून निर्धास्त होता येत नाही. भारतीय स्त्रीच्या कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की जपावे, असे तज्ज्ञ सांगतात. शिंप्याकडची मोजपट्टी कोणत्याही घरात मिळते.

याच खेड्यांतील मुले पुढे मोठी झाली. वयाच्या अठराव्या वर्षी त्यांची तपासणी केली तेव्हा मुलग्यांपैकी सुमारे ३७ टक्के आणि मुलींपैकी सुमारे १८ टक्के जणांच्या साखरेत बिघाड आढळला. हा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. ही शहरातील सुखवस्तू घरांतील मुले नव्हेत. निलंगा तालुक्यातील कोणत्याही गावात शोभावीत अशी शेतकऱ्यांची मुले आहेत. गरोदरपणी आईची साखर वाढलेली असेल तर मुलाच्या पुढील आयुष्यातही धोका वाढतो, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसले आहे. आणि त्या स्त्रीला पुढच्या बाळंतपणाआधीच कायमचा मधुमेह जडला व तो कोणाला कळला नाही, तर गर्भधारणेच्या पहिल्याच आठवड्यांत, बाळाचे अवयव घडत असताना, वाढलेली साखर अपाय करते. यास्तव आईची तपासणी हे दोन पिढ्यांचे रक्षण आहे.

आता आशेची बाजू. मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला मागे वळविता येते, हे सिद्ध झालेले आहे. चेन्नई येथे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली ५३१ व्यक्तींवर झालेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना केवळ साधा सल्ला मिळाला, त्यांच्यापैकी तीन वर्षांत शंभरातील ५५ जणांना मधुमेह झाला; ज्यांच्या आहार-विहारात सातत्याने मार्गदर्शन करून बदल घडविला, त्यांच्यात हे प्रमाण ३९ वर आले. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात, पूर्वी गरोदरपणात मधुमेह होऊन गेलेल्या साडेतीनशे स्त्रियांचा स्वतंत्र विचार करण्यात आला. वजनात सात टक्के घट आणि आठवड्यास दीडशे मिनिटे चालण्यासारखा व्यायाम, एवढ्या उद्दिष्टाने त्यांच्यातील मधुमेहाचे प्रमाण तीन वर्षांत सुमारे निम्म्याने घटले. मेटफॉर्मिन या जुन्या व स्वस्त गोळीनेही जवळजवळ तेवढाच लाभ झाला. अर्थात ती कोणाला द्यावी, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात, ज्या मातांनी बाळाला पूर्णपणे आणि दीर्घ काळ अंगावर पाजले, त्यांना पुढील दोन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे निम्मे आढळले. अंगावर पाजण्याचा आग्रह आपल्या आज्या-पणज्या बाळासाठी धरीत. तो आईच्याही हिताचा आहे.

देणगीदारांपुढे एकच बाजू मांडणे आम्हास योग्य वाटत नाही. भारत, बांगलादेश आणि श्रीलंका या तीन देशांतील सोळाशेहून अधिक स्त्रियांवर अशाच स्वरूपाचा एक प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. प्रसूतीनंतर काही महिन्यांनी स्त्रियांचे गट करून त्यांना वर्षभर मार्गदर्शन करण्यात आले. सुमारे चौदा महिन्यांनी पाहिले तेव्हा मार्गदर्शन मिळालेल्या आणि न मिळालेल्या, अशा दोन्ही गटांतील जवळजवळ चौथा हिस्सा स्त्रियांची साखर आधीपेक्षा बिघडली होती. दोन गटांत म्हणावा असा फरक पडला नाही. यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, बिघाड किती झपाट्याने होतो ती. दुसरी, कडेवर तान्हे मूल असलेल्या स्त्रीला वर्गात बसवून चार व्याख्याने ऐकविली, म्हणजे काम झाले असे नाही, ही. अमेरिकेतील आणि चेन्नईतील प्रयोगांत यश आले, तेथे माणसामागे माणूस लावून, वारंवार विचारपूस करून काम झाले होते. तेव्हा आमच्या मते क्रम असा असावा: आधी तपासणी, त्यातून खरा धोका कोणाला आहे ते निश्चित करणे, आणि मग त्या स्त्रीचा वर्षानुवर्षे पाठपुरावा. हा क्रम चुकला की खर्च होतो आणि पदरी काही पडत नाही.

तपासणी कोणती, हे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ साली काढलेल्या आणि २०१८ साली सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत दिलेले आहे. गरोदरपणी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी साखर पाहतात. ती १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक भरल्यास गरोदरपणातील मधुमेह समजतात. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी पुरस्कारिलेली ही पद्धत उपाशीपोटी येण्याची अट घालीत नाही, त्यामुळे खेड्यापाड्यांतील स्त्रियांना ती सोयीची आहे. ज्या स्त्रीला असा मधुमेह निघाला, तिची प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी, असे त्याच सूचनांत म्हटले आहे. या वेळी मात्र उपाशीपोटी यावे लागते. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा अधिक, अथवा ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांची साखर २०० किंवा अधिक असल्यास मधुमेह जडला असे समजावे. दोन तासांची साखर १४० ते १९९ च्या दरम्यान असल्यास ती स्त्री उंबरठ्यावर आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी तपासणी या काळात फसवी ठरू शकते, कारण बाळंतपणातील रक्तस्रावामुळे तिचा आकडा बदलतो. म्हणून ग्लुकोज पिण्याचा व दोन तास थांबण्याचा त्रास घेणेच श्रेयस्कर.

सूचना आहेत, मग स्त्रिया येत का नाहीत? येथे आपल्या भागाची रीतभात लक्षात घ्यावी लागते. पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी येते. तिचे आधीचे कागद सासरच्या गावच्या दवाखान्यात असतात. बाळंतपण माहेरी होते. सव्वा महिना, कधी तीन महिने राहून ती सासरी परतते. आपल्या तालुक्याला कर्नाटकाची सीमा लागून आहे. निलंग्याच्या, औराद शहाजानीच्या कितीतरी लेकी भालकीला, बिदरला, बसवकल्याणला दिलेल्या आहेत आणि तिकडच्या मुली सुना होऊन इकडे आल्या आहेत. नवरा-बायको कामधंद्यासाठी पुण्या-मुंबईकडे गेले असतील तर गाव, माहेर आणि शहर अशी तीन ठिकाणे होतात. तिच्या आजाराचा कागद या तिन्हींपैकी कोठे आहे, हे तिलाही ठाऊक नसते. दोन राज्यांच्या आरोग्य विभागांच्या नोंदवह्याही निरनिराळ्या.

दुसरे कारण मनाचे आहे. ‘बाळंतपण झालं, साखर गेली, आता कशाला टोचून घ्यायचं?’ असे घरचे म्हणतात. शिवाय ‘साखर’ हा शब्द तरुण सुनेच्या नावापुढे लागू नये, अशी इच्छा असते. माहेरच्यांना वाटते, सासरी कळले तर लेकीला बोल लागेल. ही भीती आम्ही खोटी मानीत नाही. पण लपविलेला आजार थांबत नाही, तो वाढतो. आणि दहा वर्षांनी पायाची जखम बरी होईना किंवा दृष्टी मंदावली म्हणून रुग्णालयात यावे लागले, तर तो कोणापासूनच लपत नाही. गरोदरपणातील मधुमेह हा मुलीचा दोष नव्हे. तिच्या शरीराने वेळेवर दिलेली ती सूचना आहे.

तिसरे कारण, आई स्वतःसाठी रुग्णालयाची पायरी चढत नाही. बाळासाठी मात्र ती चढते. दीड महिन्याचा डोस आपल्या भागातील आई सहसा चुकवीत नाही; चुकला तर आशाताई आठवण करतात. याच गोष्टीत आम्हाला उपाय दिसतो. बाळाच्या लसीकरणाचा पहिला मोठा डोस सहाव्या आठवड्यात असतो. आशाताईंची नवजात बाळाच्या देखभालीसाठीची शेवटची गृहभेट बेचाळिसाव्या दिवशी असते. आईची तपासणीही सहाव्या आठवड्यातच व्हावयाची आहे. या तीन गोष्टी एकाच सुमारास येतात, याहून अधिक सोय ती कोणती? बाळाचा डोस आणि आईची तपासणी एकाच दिवशी, एकाच फेरीत व्हावी, एवढेच करावयाचे आहे. सहाव्या आठवड्यात जमले नाही तर दहाव्या आठवड्याचा डोस आहेच.

त्यासाठी व्यवस्थापनाची योजना साधी आहे. गरोदरपणी मधुमेह निघालेल्या प्रत्येक स्त्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवावयाची. तीत माहेरचा आणि सासरचा, असे दोन्ही पत्ते. पतीचा आणि आईचा, असे दोन भ्रमणध्वनी क्रमांक. आणि त्या त्या गावच्या आशाताईंचे नाव. बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर लाल शिक्का मारावयाचा, म्हणजे ते कार्ड कर्नाटकात दाखविले काय किंवा पुण्यात दाखविले काय, पाहणाऱ्या परिचारिकेला अर्थबोध व्हावा. कारण आईचा कागद हरवतो, बाळाचे कार्ड हरवत नाही. त्यानंतरची तपासणी दरवर्षी बाळाच्या वाढदिवसाच्या महिन्यात करावयाची. वाढदिवस कोणतीही आई विसरत नाही. पुढच्या गर्भधारणेचा विचार असेल तर त्याआधी एक तपासणी अधिक.

तपासणीच्या दिवशीच्या अडचणींचाही विचार करावा लागतो. अंगावर पाजणारी स्त्री रात्रभर उपाशी राहून दुपारपर्यंत रांगेत थांबू शकत नाही. म्हणून तिचे रक्त सकाळी सर्वांआधी घेतले जावे, दोन तास बसण्यास आणि बाळाला पाजण्यास आडोशाची खोली असावी, आणि दुसरे रक्त घेताच तिला न्याहारी मिळावी. पहिल्या एसटीने आलेली बाई दुपारच्या एसटीने घरी परतली पाहिजे. या बाबी किरकोळ वाटतील. परंतु तपासणी होणे अथवा न होणे यांवरच अवलंबून असते, हे रुग्णालय चालविणाऱ्यांना ठाऊक आहे.

आता कुटुंबीयांशी, विशेषतः सासूबाई आणि आई यांच्याशी दोन शब्द. बाळंतिणीच्या आहाराचे आपले शास्त्र मोलाचे आहे. बाजरीची भाकरी, शेपू, मेथी, वरणाचे पाणी, अळीव यांत वावगे काही नाही. जपावयाचे ते गूळ, साखर आणि तूप यांच्या मापाला. गूळ देशी म्हणून निर्धोक, हा समज सोडावा; रक्तात त्याचीही साखरच होते. डिंकाचा लाडू लहान वळावा आणि दिवसाकाठी एक द्यावा. शिरा आणि शेवयांची खीर रोजच्या ताटात नको. या भागाचे जुने अन्न ज्वारीची भाकरी आणि डाळी-उसळी. शेतातला ज्वारीचा पेरा घटून सोयाबीन वाढले, तसा ताटातही गहू-तांदूळ वाढला. वेळ अमावस्येला आपण सारे शेतात जाऊन भज्जी, उंडे आणि आंबील जेवतो. शेंगाभाज्या, दाणे, भरड धान्य आणि ताक यांचे ते ताट वर्षातून एकदाच का असावे? निलंगा राईसचा आम्हालाही अभिमान आहे. परंतु सकाळची न्याहारी रोजच भाताची असू नये, आणि असेल त्या दिवशी शेजारी उसळ असावी.

चालण्याविषयी सांगितले की शेतकरी बाया हसतात. ‘दिवसभर रानात राबतो, आणखी कुठं चालायचं?’ ज्या रोज रानात राबतात, त्यांना आमचे काही सांगणे नाही. पण बाळंतपणानंतर वर्ष-दोन वर्षे अनेकींचे रानात जाणे थांबते, आणि ज्यांचे बिऱ्हाड गावाहून निलंग्याला किंवा लातूरला आले, त्यांचे ते कायमचे सुटते. खाणे रानातल्या कष्टाचे आणि बसणे शहरातले, असे होते. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर रोज अर्धा तास भरभर चालावे. त्या अर्ध्या तासात बाळाला सांभाळण्यास कोणी तरी हवे. ते काम सासूबाईंनी, नणंदेने किंवा स्वतः पतीने करावे. सुनेचा मधुमेह टाळण्यासाठी घरच्यांना करता येण्याजोगी याहून मोठी मदत आम्हास दिसत नाही.

शेवटी देणगीदार बंधुभगिनींना विनंती. रुग्णालयाला यंत्र दिले की त्यावर नाव कोरता येते. खोली बांधून दिली की दारावर पाटी लागते. अशा देणग्यांवरच धर्मादाय रुग्णालये उभी आहेत आणि आम्ही त्यांचे ऋणी आहोत. या कामासाठी मागावयाचे आहे ते मात्र निराळे. एका परिचारिकेचे वेतन, जी नोंदवही सांभाळील आणि दूरध्वनी करील, ग्लुकोजच्या पुड्या, प्रयोगशाळेचा खर्च, दोन एसटीच्या तिकिटांचे पैसे, आणि एक न्याहारी. यावर कोणाचे नाव कोरता येणार नाही. मधुमेह टळलेल्या स्त्रीचे छायाचित्रही अहवालात छापता येत नाही, कारण जे घडले नाही त्याचे छायाचित्र कसे काढणार?

तरीही हिशेब मांडून पाहावा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोक मधुमेही आहेत आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर आहेत. एखाद्या स्त्रीची मूत्रपिंडे मधुमेहाने निकामी झाली, तर आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस, तेही जन्मभर. शासकीय योजनेतून उपचार विनामूल्य झाले तरी प्रवास, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्या माणसाचा दिवस यांची भरपाई कोणी देत नाही. त्या खर्चाच्या तुलनेत वर्षातून एक तपासणी काहीच नव्हे. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर, घरी जाताना रुग्णाचे देयक चुकते होते आणि खाते बंद होते. या स्त्रियांचे खाते बंद करावयाचे नाही. त्याची बाकी दरवर्षी पुढे ओढावयाची आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर या भागातील माणसे एकमेकांच्या मदतीला कशी धावली आणि देशभरातून मदत कशी आली, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. आवाज करीत येणाऱ्या संकटाला आपण धावून जातो, हा आपला गुण आहे. मधुमेह आवाज करीत नाही. घरातील कर्त्या स्त्रीला तो हळूहळू पोखरतो आणि ती अंथरुणाला खिळली की घर कोलमडते. या संकटासाठीही तेवढ्याच तत्परतेने पुढे यावे, एवढीच प्रार्थना.

घरी परतल्यावर आपण प्रत्येकाने एक काम करावे. आपल्या घरात, भावकीत किंवा शेजारी, गेल्या काही वर्षांत बाळंत झालेल्या लेकी-सुनांना विचारावे की, ‘गरोदरपणात तुझी साखर वाढली होती का, आणि त्यानंतर तपासली का?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असेल, तर तिला घेऊन यावे. आमच्याकडेच यावे असा आग्रह नाही; जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा शासकीय रुग्णालय चालेल. बाळ दीड महिन्याचे असो की दहा वर्षांचे, तपासणीला उशीर झाला असे समजू नये.